पाणीपुरी तोंडात जाते का? : कॅज्युअल्टीत अचानक अवघड निघणारा श्वासमार्ग

वैनगंगा

मी भूलतज्ज्ञ आहे, विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी काम करते. मागच्या पावसाळ्यातली एक रात्र लिहायची बरेच दिवस राहून गेली होती. इथे डॉक्टर, सिस्टर आहेत आणि पेशंटचे नातेवाईकही आहेत, म्हणून सगळ्यांना कळेल असं लिहिते.

रात्री दीडच्या सुमारास कॅज्युअल्टीतून फोन आला. बाईक घसरलेला सव्वीस वर्षांचा मुलगा, बेशुद्ध, जीसीएस (शुद्ध किती आहे याचा आकडा, पूर्ण शुद्धीत १५) ७, नाकातोंडातून रक्त. सीटी करून नागपूरला पाठवायचा होता, त्याआधी श्वासनळीत ट्यूब हवी होती. मी पोचले तेव्हा ऑक्सिजनवर सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९३ होतं. सडपातळ अंग, लांब मान, दाढी नाही. सोपी ट्यूब आहे असं मनात आलं. जबडा घट्ट मिटलेला होता, पण डोक्याला मार लागलेल्या पेशंटमध्ये तो मिटतोच. स्कोलिन, म्हणजे स्नायू सैल करणारं आणि काही मिनिटं श्वासही थांबवणारं औषध, दिलं की सुटेल.

स्कोलिन दिलं. अंगभर थरथर येऊन गेली, हातपाय सैल पडले आणि जबडा दीड बोटापलीकडे उघडला नाही.

टॉर्च मारून गाल पाहिले तेव्हा कळलं. आतून पांढरेफटक, आणि बोट फिरवलं तर सुतळीसारखे ताठ पट्टे. खर्रा. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून जे देतात, तो खर्रा. पश्चिमेकडे मावा म्हणतात तो याचाच भाऊबंद. सुपारीमुळे गालाच्या आतलं मऊ अस्तर हळूहळू दोरखंडासारखं होतं आणि तोंड उघडेनासं होतं. स्नायू आकसल्याने मिटलेला जबडा औषधाने सैल होतो. हे पट्टे कुठल्याच औषधाने सैल होत नाहीत. माझ्या हातून झालेली चूक ती हीच. दोन्ही जबडे बाहेरून सारखेच दिसतात आणि मी आत बोट घालून पाहिलं नाही.

पुढच्या वेळा सिस्टरांनी ग्लोव्हजच्या खोक्यावर पेनाने लिहून ठेवल्या होत्या म्हणून सांगता येतात.

१.४२ स्कोलिन. १.४३ लॅरिंगोस्कोपचं (घसा पाहायच्या उपकरणाचं) नेहमीचं ब्लेड दातांतून आत जाईना. १.४४ बॅगिंग, मी दोन्ही हातांनी मास्क धरला, इंटर्नने बॅग दाबली, सॅच्युरेशन ८६. १.४५ लहान ब्लेडने पुन्हा प्रयत्न, रक्तात काही दिसेना, अंदाजाने घातलेली बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लांब लवचिक काडी) अन्ननलिकेत गेली. १.४६ आयजेलही (घशात बसवून हवा द्यायची नळी) त्या फटीतून जाईना. तोवर घशात इतकं रक्त साठलं होतं की बॅगिंगलाही छाती उचलत नव्हती. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, एकाहत्तर. गळ्यासाठी ब्लेड उघडू का?"

मला आजही वाटतं की तो प्रश्न आला नसता तर मी तिसऱ्यांदा तोंडात शिरले असते.

१.४७ गळा. कंठमण्याखाली बोट सरकवलं की एक छोटी मऊ खाच लागते. आपापल्या गळ्याला लावून पाहा, सापडेल. त्या खाचेवर कापायचं ब्लेड टोचलं, फिरवलं, त्याला लागून बूजी सरकवली आणि बूजीवरून ६ नंबरची ट्यूब. रक्ताचे बुडबुडे आले आणि हवेचा फस्स आवाज आला. वॉर्डबॉय मामांनी ओटीतून कॅप्नोग्राफ (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) ओढत आणला होता, त्यावर चौकोनी लाटा उमटल्या. सॅच्युरेशन मात्र लगेच चढलं नाही. एक पूर्ण मिनिट ते साठीतच घुटमळत होतं. मग ७०, ८४, ९६.

मुलगा वाचला. अडीच महिन्यांनी आईबरोबर ओपीडीत चालत आला. आवाज थोडा घोगरा आहे. तोंड अजून दीडच बोट उघडतं.

त्या रात्री त्याला गाडीत घातल्यावर मी बाहेर उभ्या असलेल्या त्याच्या मित्राला विचारलं, "याच्या तोंडात पाणीपुरी जाते का?" तो म्हणाला, "नाही जी मॅडम, तो तं फोडून खाते. दोन वर्षं झाले."

उत्तर दरवाज्यापलीकडे उभं होतं. आधी विचारलं असतं तर स्कोलिन दिलंच नसतं. त्याचा स्वतःचा श्वास चालू ठेवून, ईएनटीच्या डॉक्टरांना बोलावून, लोकलखाली (फक्त तेवढी जागा बधिर करून) गळ्यातून ट्यूब टाकली असती.

तुमच्याकडे औषध देण्याआधी कोण काय पाहतं? आणि "आता बास" हे कोण म्हणतं? अनुभव लिहा.

तातडी

वैनगंगा मॅडम, इतकं स्वच्छ लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद. मी पुण्यात इमर्जन्सी मेडिसिनमध्ये आहे.

आम्हाला कॉलेजात मल्लमपाटी ग्रेड (आ केल्यावर घसा किती दिसतो, त्यावरून ट्यूब किती अवघड जाईल याचा अंदाज) शिकवतात. शेषगिरी राव मल्लमपाटी मूळचे आंध्रचे, त्यांनी अमेरिकेत हे काम केलं, १९८५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. पद्धत चांगली आहे, पण त्यासाठी पेशंट बसलेला हवा आणि त्याने सांगितल्यावर आ करून जीभ बाहेर काढायला हवी. कॅज्युअल्टीतला बेशुद्ध माणूस यातलं काय करणार? म्हणून मी हातानेच तीन गोष्टी पाहतो. दातांच्या फटीत माझी तीन बोटं जातात का. हनुवटीपासून गळ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत तीन बोटं बसतात का. आणि गळ्यावरची ती खाच लागते का. गळा जाड असेल तर तिथे आधीच पेनाने खूण करून ठेवतो. दहा सेकंद लागतात.

बॅगिंग अवघड जाईल का, हेही आधीच मनात मांडून ठेवावं लागतं. दाढी असेल, दात नसतील, वजन जास्त असेल, घोरण्याचा इतिहास असेल, तर मास्क नीट बसत नाही. कवळी ट्यूब टाकताना काढायची, पण बॅगिंग चालू असेतो तोंडातच राहू द्यायची. गाल आत जात नाहीत, मास्क बसतो.

स्कोलिनबद्दल एक भ्रम सगळीकडे आहे: नाही जमलं तर औषध उतरेल आणि पेशंट स्वतः श्वास घेईल. सुदृढ माणसाला पूर्ण ऑक्सिजन भरून दिला तर सॅच्युरेशन ९० पर्यंत यायला ८ मिनिटांच्या आसपास लागतात. लठ्ठ माणसाला जेमतेम ३. स्कोलिन उतरायला ८ ते १० मिनिटं. हिशोब जुळत नाही. त्यात आपला पेशंट सुदृढ नसतोच, तो ९३ वरून सुरुवात करतो.

आपल्या भागासाठी आणखी एक, फार महत्त्वाचं. कीटकनाशक प्यायलेल्या पेशंटला स्कोलिन देऊ नका. स्कोलिन मोडणारं एन्झाइम त्या विषाने आधीच निकामी केलेलं असतं, त्यामुळे मिनिटांत उतरणारं औषध काही वेळा तासन्‌तास उतरत नाही.

टेम्सकाठ

मी मूळ सांगलीची, गेली चौदा वर्षं इंग्लंडमध्ये भूलतज्ज्ञ आहे. वैनगंगाताई, तुमच्या सिस्टरांचा तो प्रश्न वाचून अंगावर काटा आला, कारण इथल्या प्रत्येक ट्रेनीला जी घटना शिकवतात तिच्यात नेमका तोच प्रश्न विचारला गेला नाही.

एलेन ब्रॉमिली, ३७ वर्षांच्या, दोन लहान मुलांची आई. मार्च २००५ मध्ये सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी दाखल झाल्या. भूल दिल्यावर ना ट्यूब जाईना, ना मास्कने हवा. खोलीत दोन अनुभवी भूलतज्ज्ञ होते, ईएनटी सर्जन होते. सॅच्युरेशन ४० च्या आसपास बराच वेळ होतं आणि तिघेही ट्यूबच टाकत राहिले. एका सिस्टरने ट्रेकिओस्टॉमीचा (गळ्याला भोक पाडून नळी घालायचा) सेट आणून तयार असल्याचं सांगितलं. दुसरीने आयसीयूत बेड ठरवला, मग डॉक्टरांच्या नजरा पाहून तो रद्द केला. काय करायला हवं हे त्यांना कळत होतं, ते ऐकलं जाईल असं कसं बोलावं हे कळत नव्हतं. एलेन तेरा दिवसांनी गेल्या.

त्यांचे पती मार्टिन ब्रॉमिली वैमानिक. विमानात अपघात झाला की कुणाला फासावर द्यायचं यापेक्षा तो का झाला याची चौकशी होते, इस्पितळात तशी का होत नाही, असं त्यांनी विचारलं. याच प्रश्नातून त्यांनी २००७ मध्ये क्लिनिकल ह्यूमन फॅक्टर्स ग्रुप उभा केला. ते डॉक्टरांवर चिडून उठले असते तर कुणी त्यांना बोल लावला नसता. त्यांनी जे केलं त्यामुळे माझ्या पिढीची भूल बदलली.

इथे २०११ मध्ये देशभरातल्या इस्पितळांचा एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, त्याला नॅप-४ म्हणतात. वर्षभरात श्वासमार्गाच्या १८४ गंभीर घटना नोंदल्या गेल्या, त्यातल्या ३६ आयसीयूतल्या आणि १५ इमर्जन्सीतल्या. ओटीत होणाऱ्या भुलींच्या मानाने तिथे ट्यूब किती कमी टाकल्या जातात ते पाहिलं तर हे आकडे मोठे आहेत. आयसीयूतल्या ज्या घटनांत मृत्यू झाला किंवा मेंदूला इजा झाली, त्यांतल्या ७४ टक्क्यांत कॅप्नोग्राफ न वापरणं हे एक कारण होतं. मामांनी कॅप्नोग्राफ ओढत आणला हे वाक्य मी दोनदा वाचलं. छातीला स्टेथो लावून ट्यूब बरोबर आहे म्हणणं फसवं असतं, पोटातली हवाही छातीत ऐकू येते. लाट नसेल तर ट्यूब श्वासनळीत नाही असंच धरायचं.

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स आहे, एकोणीस वर्षं झाली. वाचत असते, लिहिते क्वचित.

आम्ही सिस्टर बोलत नाही असं नाही. आम्ही हळू बोलतो, आणि गोल गोल बोलतो. "सर, अजून एकदा बघायचं का?" "सर, दुसऱ्या कुणाला बोलवायचं का?" डॉक्टरांचं डोकं पेशंटच्या तोंडात असतं, कानात मॉनिटरचा आवाज. ही वाक्यं त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. आमच्याकडे एक केस वाईट झाली, त्यानंतर मी माझ्यापुरती पद्धत ठरवली. आधी हाक, मग आकडा, मग वस्तू. "पाटील सर, ऐंशी. दुसरा प्रयत्न झाला. आयजेल हातात आहे." वस्तू खरंच हातात धरून पुढे करायची. हातात आलेली वस्तू माणूस घेतो.

ती वाईट केस काय होती तेही सांगते, इस्पितळ कुठलं ते विचारू नका. बूजी होती. नवी कोरी, पाकिटात. कपाटात होती आणि किल्ली इनचार्ज सिस्टरांच्या पर्समध्ये, त्या घरी. महागाच्या वस्तू हरवल्या तर पगारातून कापतात म्हणून कुलूप. दोष कुणाला देऊ?

आता आमच्याकडे एक पारदर्शक पाऊच भिंतीला टांगलेलं आहे. त्यात १० नंबरचं ब्लेड हँडलला लावून, बूजी, ६ नंबरची ट्यूब, १० सीसीची सिरिंज, बांधायची पट्टी. दुसरं काही ठेवायचं नाही हा नियम. ड्यूटी घेताना ऑक्सिजन आणि सक्शन बघतो तसं पाऊच बघून सही करायची. बूजी गुंडाळून ठेवायची नाही, वाकडी होते. म्हणून पाऊच उभं शिवून घेतलं, आमच्या मावशींनीच शिवलं.

एकशेआठवर

नमस्कार. मी बीएएमएस आहे, १०८ वर ड्यूटी करतो. तुमच्याकडे निदान ईएनटीला फोन तरी करता येतो. घाटात मध्यरात्री गाडीत मी आणि पायलट, म्हणजे ड्रायव्हर. मागच्या महिन्यात मोठ्या अपघातातला पेशंट होता, जबडा फुटलेला. मी ट्यूब टाकायला गेलो, काही दिसलं नाही, सोडून दिलं आणि बॅगिंग करत चाळीस मिनिटं आणला. पोचल्यावर तिथले एक डॉक्टर म्हणाले, "ट्यूब नाही टाकली?" ते अजून मनातून जात नाही.

तातडी

दादा, तो पोचला तेव्हा सॅच्युरेशन किती होतं?

एकशेआठवर

९४ सर.

तातडी

मग तुम्ही त्याला चाळीस मिनिटं जिवंत आणलंत. ट्यूब न गेल्याने माणूस मरत नाही, ऑक्सिजन न गेल्याने मरतो. फुटलेला जबडा, गाडीचा प्रकाश, एकटा माणूस. अशा वेळी एका प्रयत्नानंतर थांबणं हाच बरोबर निर्णय होता. पुन्हा पुन्हा ब्लेड घातलं असतं तर सूज आणि रक्त वाढून बॅगिंगही हातचं गेलं असतं.

पुढच्या वेळेसाठी चार गोष्टी सांगतो. गाडी थांबवता येत असेल तर पायलटला मागे घ्या. बॅग त्याने दाबायची, मास्क तुम्ही दोन्ही हातांनी धरायचा: अंगठ्यांकडचे मांसल भाग मास्कवर, बाकी बोटं जबड्याच्या कोनाखाली, आणि जबडा मास्कमध्ये वर ओढायचा. मास्क चेहऱ्यावर दाबणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, त्याने जीभ मागे जाते. तोंडात एअरवे (जीभ मागे पडू न देणारी वाकडी नळी) घाला. बॅग सावकाश, सहा सेकंदांना एकदा, छाती उचलली की सोडायची. जोरात दाबलं की हवा पोटात जाते, उलटी होते, ती फुप्फुसात. रक्त खूप असेल तर आधी सक्शन, नाही तर मान सरळ धरून पूर्ण अंग एका कुशीवर. आणि वाटेतूनच फोन करून "अवघड श्वासमार्ग येतोय" एवढं सांगा, म्हणजे समोर भूलतज्ज्ञ आणि ईएनटी उभे असतील.

जुना_सर्जन

वयाने मोठा आहे म्हणून जरा वेगळं मत मांडतो. आमच्या वेळी गळ्यातून १४ नंबरची सुई टोचायची असं शिकवत. आजच्या मुलांनी सरळ ब्लेड चालवायचं हे धाडसाचं वाटतं. भूलतज्ज्ञाला सुई रोजच्या सवयीची असते, ब्लेड नसतं. घाबरलेल्या हाताला सवयीचीच गोष्ट द्यावी.

टेम्सकाठ

सर, तुमचा मुद्दा अनेकांना पटायचा, मलाही पटायचा. पण त्याच नॅप-४ मध्ये दिसलं की घाईच्या प्रसंगी भूलतज्ज्ञांनी टोचलेल्या सुयांपैकी साधारण ६० टक्के फसल्या. सुई वाकते, सरकते, तिला जोडायला जास्त दाबाचा ऑक्सिजन लागतो आणि तो कॅज्युअल्टीत नसतो. ब्लेडने केलेले जवळपास सगळे यशस्वी झाले. म्हणून २०१५ पासून इथल्या डिफिकल्ट एअरवे सोसायटीने मोठ्या माणसांसाठी एकच पद्धत ठेवली: ब्लेड, बूजी, ट्यूब. लहान मुलांचं वेगळं आहे. त्यांची ती खाच फारच छोटी असते, तिथे ब्लेड चालवत नाहीत.

वैनगंगा

सर, सवयीचा मुद्दा मात्र शंभर टक्के बरोबर आहे आणि त्यावर आम्ही उपाय काढला. महिन्यातून एकदा मटणाच्या दुकानातून बोकडाच्या नळ्या आणतो. आमच्या खाटीकभाऊंना आता सांगावं लागत नाही, स्वरयंत्रासकट काढून ठेवतात. त्यावर फोमचा तुकडा आणि रेक्झिनची पट्टी ताणून टाचण्यांनी बसवायची, की कातडी झाली. आधी डोळे मिटून बोटाने खाच शोधायची. मग ब्लेड आडवं टोचायचं, धार पायांकडे येईल असं फिरवायचं, जागेवरून हलवायचं नाही. ब्लेडला घासत बूजी आत. बूजी नळीत गेली की आतल्या कड्यांवरून घसरताना बोटांना खडखड लागते, ते एकदा हाताने कळलं की विसरत नाही. गळा जाड असेल आणि खाच लागतच नसेल तर आधी कातडीवर मध्यरेषेत उभी लांब चीर, मग बोटांनी आत चाचपून शोधायचं.

इंटर्न, सिस्टर, मामा सगळे करतात. मामांनी करायचं नसतं, पण आपण काय मागतोय हे त्यांना कळतं, त्यामुळे वस्तू अर्ध्या वेळात येते.

आपल्याकडच्या मंडळींसाठी: ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना जरूर वाचा. त्यांत आपल्या इस्पितळांचा विचार आहे. मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे ट्यूब टाकताना नाकातून मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन चालूच ठेवायचा. साधी नेझल प्राँग, सगळीकडे असते. श्वास थांबलेला असला तरी तो ऑक्सिजन आत ओढला जातो, थोडी मिनिटं मिळतात. आणि पुढचा प्रयत्न सॅच्युरेशन ९५ च्या वर असेल तरच. त्या रात्री मी ८६ वर दुसरा प्रयत्न केला.

तातडी

व्हिडिओ लॅरिंगोस्कोपबद्दल (ज्याच्या ब्लेडवर कॅमेरा असतो) कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कोविडमध्ये बऱ्याच ठिकाणी आले आणि आता कपाटात पडून आहेत. वापरा. अमेरिकेत इमर्जन्सी आणि आयसीयूतल्या १४१७ पेशंटचा अभ्यास २०२३ मध्ये आला. पहिल्याच प्रयत्नात ट्यूब जाण्याचं प्रमाण व्हिडिओने ८५ टक्के, साध्याने ७१. नवख्या डॉक्टरांच्या हाती तर हा फरक फार मोलाचा.

पण वैनगंगा मॅडमच्या पेशंटला त्याने काही झालं नसतं. दीड बोटातून ते ब्लेडही जात नाही, आणि कॅमेऱ्यावर रक्त आलं की पडदा लाल.

गावकूस

मी डॉक्टर नाही. शेती करतो. हा धागा दोन दिवस वाचतोय, लिहू की नको करत होतो.

तीन वर्षांपूर्वी वडिलांची दाढ दुखत होती. शुगर आहे. घरगुती उपाय चालू होते. चौथ्या दिवशी हनुवटीखाली दगडासारखी सूज, लाळ गिळता येईना, आडवे झोपता येईना. एका खाजगी दवाखान्यात नेलं. आत घेतलं, तासभर कुणी बाहेर आलं नाही. मग बघितलं तर गळ्याला भोक, नळी, सगळ्या छातीवर रक्त. आम्हाला कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. मी त्या डॉक्टरच्या अंगावर धावून गेलो होतो. वडील वाचले, आता बरे आहेत. पण माझ्या मनात तीन वर्षं हेच होतं की शिकाऊ पोरांनी प्रयोग केला आणि फसला म्हणून गळा कापला.

आता वाचून वाटतंय की तसं नसेल. पण सांगायला तर हवं होतं ना?

वैनगंगा

भाऊ, हवंच होतं. जीव वाचवताना विचारायला वेळ नसतो हे खरं, पण नंतर कुणीतरी पाच मिनिटं तुमच्यासमोर बसून "असं झालं, म्हणून हे केलं" सांगायला हवं होतं. तुमचा राग योग्य होता.

वडिलांना जे झालं त्याला लुडविग अँजायना म्हणतात. दाढेतला पू जिभेखाली उतरतो, जीभ वर आणि मागे ढकलली जाते. आडवं झोपता न येणं आणि लाळ गिळता न येणं ही धोक्याची खूण, कारण तो माणूस बसून राहूनच कसाबसा श्वास घेत असतो. अशा पेशंटला आडवं करून भूल दिली की रस्ता पूर्ण बंद होऊ शकतो. कित्येकदा गळ्यातून ट्यूब हाच पहिला आणि सुरक्षित मार्ग असतो. प्रयोग नव्हता तो.

तुम्हाला डिस्चार्ज कार्डावर ट्यूबबद्दल काही लिहून दिलंय का?

गावकूस

कार्ड आहे. फक्त ट्रेकिओस्टॉमी लिहिलंय. पुढच्या महिन्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय, तालुक्याला. तेव्हा हे दाखवावं लागेल का?

टेम्सकाठ

दादा, हे सगळ्यात आधी दाखवा. ऑपरेशनच्या दिवशी नको, आधीच. सर्जनला सांगितलं म्हणजे झालं असं समजू नका, भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्वतः भेटा आणि त्यांना सांगा: मागच्या वेळी ट्यूब गेली नाही, गळ्यातून टाकावी लागली. ते गळा पाहतील, तोंड पाहतील. हर्नियाचं ऑपरेशन बहुतेक वेळा पाठीच्या मणक्यातलं इंजेक्शन देऊनही होतं. काय द्यायचं ते तेच ठरवतील, पण त्यांना हे माहीत असायला हवं.

आमच्याकडे ज्याची ट्यूब अवघड गेली त्याला पत्र देतात: काय अडचण आली, शेवटी कशाने जमलं.

वैनगंगा

आम्ही चिठ्ठी देतो, मराठीत, आणि आधार कार्डाच्या मागे ठेवायला सांगतो. त्या मुलाची अशी आहे: "माझं तोंड दीड बोट उघडतं. मला भूल देताना तोंडातून श्वासनळीत ट्यूब गेली नाही. बॅगिंग सुरुवातीला जमलं, नंतर नाही. गळ्यातून ६ नंबरची ट्यूब टाकली. कृपया झोपेचं किंवा स्नायू सैल करण्याचं औषध देण्याआधी अनुभवी भूलतज्ज्ञांना बोलवा." खाली तारीख, सही, माझा नंबर. गावकूसभाऊ, जुन्या दवाखान्यातून केसपेपरची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. त्यावरून तालुक्याचे डॉक्टर तुमच्या वडिलांची चिठ्ठी करून देतील.

शमिका

मीही डॉक्टर नाही. काल रात्री हे वाचून माझ्या धाकट्या भावाला फोन केला. चंद्रपूरला असतो, बत्तीस वर्षांचा, कॉलेजपासून खर्रा. त्याला म्हटलं तीन बोटं उभी तोंडात घाल. दोनच गेली. तिखट खाल्लं की तोंड भाजतं हे तो वर्षभर सांगत होता, आम्ही ॲसिडिटी समजत होतो. आता कुणाला दाखवायचं? ईएनटी की दाताचे?

दंतवैद्य_यवतमाळ

ताई, दाताच्या डॉक्टरांना दाखवा, शक्यतो डेंटल कॉलेजमध्ये. तिथे तोंडाच्या रोगांचा विभाग असतो. तोंड भाजणं हीच याची सुरुवातीची खूण असते, पट्टे नंतर येतात. दोन बोटं म्हणजे अजून बरंच करता येण्यासारखं आहे. झालेले पट्टे पूर्ण जात नाहीत, पण खर्रा बंद झाला तर वाढणं थांबवता येतं. नुसता तंबाखू सोडून साधी सुपारी चालू ठेवतात बरेच जण, तसं नको. पट्टे सुपारीने होतात. आणि याच गालांत पुढे कॅन्सर होऊ शकतो, म्हणून दर काही महिन्यांनी तोंड तपासून घ्यायचं. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, तरी आमच्या ओपीडीत रोज अशी पोरं येतात, विशी-पंचविशीतली.

तोवर घरी एक करता येईल. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या स्वच्छ धुऊन एकावर एक ठेवा आणि दातांमध्ये बसतील तेवढ्या बसवा, मग हलक्या हाताने आणखी एक सरकवायची, अर्धा मिनिट ठेवायची. दिवसातून चार-पाच वेळा. दुखेपर्यंत ताणायचं नाही. आज किती काड्या बसल्या ते तारखेसकट लिहून ठेवायला सांगा आणि तो कागद घेऊन दाखवायला जायचं.

शमिका

आज अकरा बसल्या. सोमवारी नागपूरला जातोय.